अलिफचे माप आणि इब्ने मुक्लाचा हात



आपल्या मालवण किनाऱ्यावर लग्नसराई जवळ आली की आचऱ्यापासून बांद्यापर्यंत घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो: निकाहच्या पत्रिकेवर बिस्मिल्लाह कोणत्या अक्षरात छापायची? मजकूर मराठीत असतो, नावे-गावे देवनागरीत असतात. परंतु माथ्यावरची ती एक ओळ अरबीत, आणि तीही साध्या नव्हे तर वळणदार, डौलदार अक्षरात हवी असते. आमच्या पुतणीच्या पत्रिकेचा कच्चा नमुना छपाईवाल्याकडून आला, तेव्हा घरातील तरुण मंडळी कागदाच्या सोनेरी किनारीकडे पाहत राहिली. आमच्या वृद्ध चाचांनी मात्र चष्मा लावून ती वरची ओळ वाचण्याचा प्रयत्न केला आणि नमुना मुकाट्याने खाली ठेवला. ओळ वाचताच येत नव्हती.

अक्षरे एकेकटी पाहिली तर देखणी होती. परंतु 'बे' वेगळी, 'सीन' वेगळा, 'मीम' वेगळा, अशी ती एकमेकांना न ओळखणाऱ्या प्रवाशांसारखी रांगेत उभी होती. शिवाय रांगही उलटी, डावीकडून उजवीकडे. दुकानातील मुलाचा त्यात दोष नव्हता. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे, आणि सुटे असताना चौथे. त्याच्या संगणकाला ही जोडणी ठाऊक नव्हती. त्याने प्रत्येक अक्षराचे सुटे रूप तेवढे मांडले. पुढे कोणीतरी योग्य लिहिलेली ओळ चित्राच्या रूपाने पाठविली आणि पत्रिका वेळेवर निघाली. पण त्या नमुन्याने एक गोष्ट डोळ्यांसमोर स्पष्ट मांडली. या लिपीत अक्षर स्वतःपुरते सुंदर असून भागत नाही. शेजारच्या अक्षराशी त्याचे माप जुळावे लागते.

हे माप नियमात बांधण्याचे श्रेय इस्लामी जगताने हजार वर्षांहून अधिक काळ ज्या एका माणसाला दिले, त्याचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. अबू अली मुहम्मद इब्ने अली हे त्याचे नाव. इतिहास त्याला इब्ने मुक्ला या नावाने ओळखतो. सुलेखनाच्या पुस्तकांत त्याचे नाव इमामाच्या आदराने घेतले जाते. परंतु त्याच्या आयुष्यात सुखावणारे फार थोडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याचा जन्म बगदादमध्ये हिजरी २७२ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ८८५-८६ मध्ये झाला. अरबीत मुक्ला म्हणजे डोळ्याचे बुबूळ. घराण्यातील एका स्त्रीला तिचे वडील लाडाने आपल्या डोळ्याचे बुबूळ म्हणत, आणि तेच नाव पुढे घराण्याला चिकटले, असे सांगतात. वडील अली हे लेखनाच्या व्यवसायातले होते. धाकटा भाऊ अबू अब्दुल्लाह हसन हाही उत्तम खुशनवीस. इतका की, ज्या शोधाचे श्रेय थोरल्याला मिळाले तो मुळात धाकट्याचा होता, असेही काही जुन्या लेखकांनी नोंदविले आहे. दोघांच्या हातांत भेद करणे आज शक्य नाही. घरच लेखणीचे होते एवढे निश्चित.

त्या काळचे बगदाद आणि आपला कोकण यांच्यात आपण समजतो तितके अंतर नव्हते. हिजरी ३०४ मध्ये, इब्ने मुक्ला बत्तीस वर्षांचा असताना, इतिहासकार मसूदी कोकणच्या किनाऱ्यावर चौल बंदरात उतरला होता. अरब ज्याला सैमूर म्हणत ते हेच. तेथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती आढळली. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे आणि खुद्द बगदादचे लोक तेथे घरे करून राहिले होते, आणि काहींची तर पिढी इथेच जन्मली होती. मुलूख राष्ट्रकूट राजाच्या छत्राखाली होता आणि मुसलमानांचे तंटे सोडविण्यास त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला होता. ज्या शहरातून ही माणसे आली, त्याच शहराच्या सरकारी दफ्तरात आपला चरित्रनायक बोरू झिजवीत बसला होता.

अब्बासी खिलाफत तेव्हा कागदावर चालत असे. महसुलाचे हिशेब, सुभेदारांना हुकूम, परराज्यांशी तह, सारे काही लेखनिकांच्या हाताखालून जाई. पवित्र कुरआनच्या प्रती कूफी या जड, कोनदार अक्षरात लिहिल्या जात. दफ्तरात मात्र झरझर उतरणारी गोलाकार वळणे रूढ होती. ती वळणे डझनांनी होती. प्रत्येक दफ्तराची तऱ्हा वेगळी, प्रत्येक उस्तादाचा हात वेगळा, आणि शिष्याने उस्तादाच्या हाताची नक्कल करीत राहावे एवढीच शिकवण्याची रीत. उस्ताद गेला की त्याचे अक्षरही जाई.

इब्ने मुक्लाने काय केले ते समजण्यासाठी बोरू हाती घेतला तर उत्तम. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. ते शाईत बुडवून कागदावर टेकवा आणि किंचित ओढा. चौकोनी हिऱ्यासारखा एक ठिपका उमटतो. हा नुक्ता. कलम जेवढी रुंद तेवढाच नुक्ता मोठा, म्हणून तो त्या लेखणीचे स्वतःचे माप झाला. असे नुक्ते एकावर एक रचले की अलिफची उंची ठरते. किती नुक्ते, ते त्या त्या शैलीवर अवलंबून. मग अलिफ हा व्यास मानून एक वर्तुळ कल्पिले, की बाकीच्या अक्षरांची वळणे त्या वर्तुळाच्या भागांवरून मोजता येतात. 'बे'ची लांबी, 'रे'चा कल, 'नून'चे पोट, काहीही डोळ्यांच्या अंदाजावर राहिले नाही. ठिपक्यातून रेघ, रेघेतून वर्तुळ, वर्तुळातून सर्व वर्णमाला. या लेखनाला खत्ते मन्सूब, म्हणजे प्रमाणबद्ध लेखन, असे नाव पडले.

त्याचा अर्थ असा की आता सुंदर अक्षर एका माणसाच्या बोटांत कैद राहिले नाही. बगदादमधले माप शिराझमध्ये, कैरोत, कॉर्डोव्हात नेता येऊ लागले. आज छापखान्यात ज्याला आपण टंक किंवा फाँट म्हणतो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे: अक्षराचे रूप लिहिणाऱ्यापासून वेगळे करून नियमात ठेवणे. सुलुस, नस्ख, मुहक्कक, रैहान, तौकी आणि रिका या सहा लेखण्या त्यानेच घडविल्या असे परंपरा सांगते. सहाही एकट्याच्या नसाव्यात, असे अलीकडच्या अभ्यासकांना वाटते, आणि मलाही ते पटते. एवढे मोठे काम सहसा एका आयुष्यात मावत नाही. परंतु मापाचा विचार त्याचा, यावर जुने-नवे बहुतेक सहमत आहेत.

त्याच्या अक्षराची एक कथा जुन्या ग्रंथांत येते. मुसलमान आणि रोमी, म्हणजे बायझंटाइन, यांच्यात झालेला एक तहनामा त्याच्या हातचा होता. रोमी लोकांना त्यातील शब्द वाचता येत नव्हते. तरीही अक्षरांच्या सौंदर्यासाठी त्यांनी तो जपून ठेवला आणि सणाच्या दिवशी आपल्या प्रार्थनाघरात इतर मौल्यवान वस्तूंबरोबर तो लोकांना दाखविण्याची प्रथा पाडली. ज्यांच्याशी तलवारी चालल्या त्यांच्या सणात एका वजिराचे हस्ताक्षर मिरवले गेले!

होय, वजिराचे. कारण इब्ने मुक्ला केवळ खुशनवीस राहिला नाही, आणि येथूनच त्याच्या चरित्राला दुसरी वाट फुटते.

आरंभी तो फारस प्रांतात महसूल वसुलीच्या कामावर होता. नंतर त्या काळचा बलाढ्य वजीर इब्नुल फुरात याने त्याला जवळ केले आणि सरकारी पत्रे उघडण्याचे व रवाना करण्याचे काम सोपविले. हे स्थान फार नाजूक असते. राज्याची सर्व गुपिते त्या टेबलावरून जातात. इब्ने मुक्ला तेथे वाढला, धनवान झाला, आणि पुढे ज्याने वाढविले त्याच्याच विरोधकांना जाऊन मिळाला. इब्नुल फुरात पुन्हा सत्तेवर आला तेव्हा या कृतघ्नतेची शिक्षा म्हणून त्याला कैद आणि शिराझची हद्दपारी भोगावी लागली. दरबारी जीवनात असे घडतच असते, असे म्हणून पुष्कळ चरित्रकार हा प्रसंग सोडून देतात. मला तो सोडवत नाही, कारण पुढचे सारे याच वळणाने गेले.

इसवी सन ९२८ मध्ये खलीफा मुक्तदिरने त्याला वजीर केले. दोन वर्षांनी पद गेले, मालमत्ता जप्त झाली आणि पुन्हा शिराझ. ९३२ मध्ये मुक्तदिर मारला गेला आणि काहिर गादीवर आला. त्याने इब्ने मुक्लाला शिराझहून बोलावून दुसऱ्यांदा वजिरी दिली. वर्षभरात हा वजीर आपल्याच खलीफाला पदच्युत करण्याच्या कटात सापडला. साथीदार पकडले गेले, त्यांची डोकी उडाली. हा निसटला आणि लपून राहिला. कधी भिकाऱ्याच्या, तर कधी स्त्रीच्या वेषात तो शहरात फिरे, गुप्तपणे सैन्याच्या सरदारांना भेटे. एका सरदाराच्या मनात खलीफाविषयी धास्ती उत्पन्न करावी म्हणून त्याने ज्योतिषालाही पैसे चारले, असे सांगतात. ९३४ मध्ये काहिरला पदच्युत करून त्याचे डोळे फोडण्यात आले. गादीवर आलेल्या राझीने इब्ने मुक्लाला तिसऱ्यांदा वजीर केले.

वाचकहो, आता त्याच्या वाड्याची हकीकत ऐका. बगदादमध्ये त्याने एक प्रचंड वाडा बांधला आणि त्याला लागून मोठी बाग केली. बागेतील झाडांवर रेशमाची जाळी ताणली होती आणि तिच्या आत देशोदेशीचे पक्षी सोडले होते. हरणे होती, शहामृग होते, रानगाढवे होती. निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांचा संकर घडविण्याचा त्याला नाद होता, आणि पाणपक्षी व भूचर पक्षी यांच्या जोडीने अंडी घातल्याची खबर आणणाऱ्या नोकराला त्याने शंभर दिनार बक्षीस दिले. वाड्याचा पाया घालताना त्याने ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढविला होता. ज्याच्या हाताने अल्लाहचा ग्रंथ लिहिला तो मुहूर्तासाठी ताऱ्यांकडे पाहत होता! पद गेल्यावर तो वाडा लुटला गेला आणि जाळला गेला. कवींना विषय मिळाला. पक्ष्यांचे काय झाले ते कोणी लिहून ठेवले नाही.

त्याच्या तिसऱ्या वजिरीतील एक प्रसंग अधिक गंभीर आहे. बगदादमध्ये इब्ने शन्नबूझ नावाचे एक नामवंत कारी होते. नमाजात ते कुरआनचे असे काही पाठभेद म्हणत, जे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळी निश्चित झालेल्या प्रतीशी जुळत नसत. हिजरी ३२३ मध्ये त्यांना वजिरापुढे आणण्यात आले. पाठांचा मोठा जाणकार इब्ने मुजाहिद या प्रकरणात त्यांच्याविरुद्ध उभा होता. इब्ने शन्नबूझ यांनी उलट उत्तरे दिली, तेव्हा इब्ने मुक्लाने त्यांना फटके मारविले आणि अखेर आपले पाठ सोडल्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले.

उम्मतीने एकाच प्रतीवर एकत्र राहावे, हा विचार योग्यच होता, आणि विद्वानांच्या बैठकीत तो सिद्धही झाला असता. परंतु एका वृद्ध आलिमाच्या पाठीवर फटके ओढण्याचा हुकूम देणारा हात तोच होता, जो कुरआनचे अक्षर सजवीत होता. मार खाताना इब्ने शन्नबूझ यांनी त्या हाताविरुद्ध अल्लाहकडे बददुआ केली, असे चरित्रकार नोंदवितात. ही नोंद घटनेनंतर सुचलेली असू शकते. माणसांना असे धागे जुळवायला आवडते. तथापि मजलूमाची आर्त हाक आणि अल्लाह यांच्यामध्ये पडदा नसतो, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आपण सारे जाणतो, म्हणून ती कथा ऐकताना मन चरकते.

तिसरी वजिरीही दोन वर्षेच टिकली. खिलाफतीचा खजिना रिकामा होता, प्रांत सुभेदारांनी गिळले होते, मोसुलवरची स्वारी निष्फळ ठरली. ९३६ मध्ये त्याला पकडून दूर करण्यात आले. त्याच वर्षी इब्ने राइक नावाचा सरदार अमीरुल उमरा झाला, म्हणजे खलीफाच्या नावाने सारा कारभार आपल्या मुठीत घेता झाला. वजिराचे पद नुसते शोभेचे उरले. इब्ने मुक्लाच्या जमिनी आणि घरे इब्ने राइकने बळकावली होती. त्या परत मिळाव्यात म्हणून इब्ने मुक्लाने आर्जवे केली, वचने ऐकली, आणि हाती काही आले नाही.

या ठिकाणी तो थांबला असता तर? वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. तीन वेळा वर चढून तीन वेळा पडून झाले होते. हातात अशी विद्या होती की जिच्यासाठी मशिदीच्या कोपऱ्यात बसला असता तरी शिष्यांची रांग लागली असती. परंतु त्याने पुन्हा पत्रे लिहिण्यास घेतली, आणि ती सुलेखनाची नव्हती. वासितमध्ये असलेल्या बजकम नावाच्या तुर्क सरदाराला त्याने बगदादवर चालून येण्यास सुचविले. इकडे खलीफा राझीला कळविले की इब्ने राइकला पकडावे आणि मला वजीर करावे, मी एवढी एवढी रक्कम उभी करून देतो. राझीने होकार दिल्यासारखे केले. हिजरी ३२६ च्या रमजानच्या शेवटच्या रात्री इब्ने मुक्ला गुपचूप राजवाड्यात जाण्यास निघाला. ती रात्र त्याने का निवडली? चंद्र दिसत नसताना केलेले गुप्त काम फळते, असा ज्योतिषाचा हिशेब होता म्हणून. लोक त्या रात्री ईदच्या चंद्राची आणि आपल्या रोजांच्या कबुलीची वाट पाहत होते.

राजवाड्यात त्याला एका खोलीत बसवून ठेवण्यात आले. सकाळी खलीफाने सारी हकीकत इब्ने राइकला कळविली. काही दिवसांनी, शव्वालमध्ये, इब्ने मुक्लाला बाहेर आणून त्याचा उजवा हात तोडण्यात आला.

इब्ने मुक्लाची करणी आपण पाहिली. परंतु या शिक्षेला शरीअतचा कोणताही आधार नव्हता. हात तोडण्याची शिक्षा चोरीसाठी, तीही कडक साक्षीपुराव्याच्या अटींवर. येथे ना काजी होता, ना साक्षीदार. होता तो एका सरदाराचा सूड आणि एका दुबळ्या खलीफाची भीती. राझीला पुढे पश्चात्ताप झाला आणि त्याने साबित इब्ने सिनान या हकीमाला जखमेवर उपचार करण्यास पाठविले. हा साबित नामांकित विद्वान घराण्यातला, स्वतः इतिहासलेखक. त्यानेच कोठडीतील ही भेट लिहून ठेवली आहे. इब्ने मुक्ला हाताकडे पाहून रडे. या हाताने दोन वेळा संपूर्ण कुरआन लिहिले, तीन खलीफांची सेवा केली, आणि शेवटी तो चोराच्या हातासारखा तोडला गेला, हे त्याचे दुःख होते. साबित त्याचे सांत्वन करी की हे संकटाचे टोक आहे, यापुढे काही वाईट व्हायचे नाही.

तसे झाले नाही. आणि याला कारण पुन्हा तो स्वतःच. जखम भरत आली तशी त्याने तुटक्या मनगटाला बोरू बांधून लिहिण्यास आरंभ केला. डाव्या हातानेही लिहू लागला. दोन्हींचे अक्षर पूर्वीच्यासारखेच येई, असे पाहणाऱ्यांनी म्हटले आहे. माप हातात नव्हते, मनात होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता! पण त्या बांधलेल्या लेखणीने त्याने काय लिहिले? खलीफाला अर्ज, की हात नसल्याने वजिरीच्या कामात अडथळा येत नाही, तरी पुन्हा नेमणूक व्हावी.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. अक्षराच्या प्रत्येक वळणाला किती नुक्ते पुरेत हे ज्याने जगाला शिकविले, त्याला स्वतःच्या आयुष्यात पुरे म्हणण्याची जागा सापडली नाही.

बजकमची फौज बगदादजवळ येऊ लागली, तसा इब्ने राइकला धोका वाटू लागला, आणि इब्ने मुक्लाची जीभही कापण्यात आली. त्यानंतर तो अंधारकोठडीत पडून राहिला. पोटाचा आजार जडला. सेवेला कोणी नव्हते. विहिरीतून पाणी काढताना तो डाव्या हाताने दोर ओढी, मग ओढलेला दोर दातांत धरी आणि पुन्हा हात पुढे टाकी. हिजरी ३२८ च्या शव्वालमध्ये, इसवी सन ९४० मध्ये, तेथेच त्याचे प्राण गेले. त्याला तुरुंगातच पुरले. नंतर कुटुंबीयांच्या विनंतीवरून ते प्रेत काढून त्याच्या मुलाने आपल्या घरी दफन केले. पुढे पत्नीने तेथूनही हलवून आपल्या घरी दफन केले. तीन वेळा वजीर, तीन खलीफांचा चाकर, आणि तीन वेळा दफन, हा योगायोग जुन्या लेखकांनी फार चवीने नोंदविला आहे.

त्याच्या हातचे म्हणून खात्रीने दाखविता येईल असे एकही पान आज जगात नाही. काही संग्रहांत त्याच्या नावाची पाने आहेत. तज्ज्ञ ती मान्य करीत नाहीत. मग त्याचे अक्षर टिकले कसे?

याचे उत्तर शिराझच्या ग्रंथालयातील एका गोष्टीत आहे. त्याच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी इब्नुल बव्वाब नावाचे खुशनवीस बुवैही सुलतान बहाउद्दौला याच्या ग्रंथालयाची व्यवस्था पाहत होते. हे एका द्वारपालाचे पुत्र. नावाचा अर्थच तो. इब्ने मुक्लाच्या मापांना त्यांनी मार्दव आणि गोडवा दिला असे मानतात. पुस्तके चाळताना त्यांना इब्ने मुक्लाच्या हातचे कुरआन सापडले, पण तीसपैकी एकोणतीसच पारे. एक पारा हरवलेला. त्यांनी सुलतानाला सांगितले की मी हा पारा असा लिहून देतो की कोणता माझा ते ओळखता येणार नाही. ओळखता आला नाही तर मला खिलअत आणि शंभर दिनार मिळावेत. त्यांनी जुन्या रंगाचा कागद शोधला, लिहिले, सोन्याची नक्षी जुनी दिसेल अशी केली, जुन्यांपैकी एका पाऱ्याची बांधणी काढून या पाऱ्याला चढविली आणि तो इतरांत मिसळला. वर्षभराने सुलतानाला आठवण झाली. त्याने तीसही पारे पुढे घेऊन उलटसुलट पाहिले. ओळखता आला नाही. बक्षीस मात्र लांबत गेले. तेव्हा इब्नुल बव्वाब यांनी त्याऐवजी ग्रंथालयात पडून असलेला कोरा चिनी कागद मागून घेतला, आणि पुढे कित्येक वर्षे त्यावर लिहीत राहिले.

इब्नुल बव्वाब यांनी हिजरी ३९१ मध्ये लिहिलेले कुरआन आजही डब्लिन शहरातील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यांच्यानंतर याकूत मुस्तअसिमी आले; त्यांनी बोरूचा काप अधिक तिरपा केला. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, तेव्हा याकूत एका मिनारात जाऊन बसले आणि कागद नव्हता म्हणून कापडावर लिहीत राहिले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या शिष्यांकडून हे माप इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थानात पसरले.

छापखाना आला तेव्हा मात्र हे अक्षर सहजासहजी वाकले नाही. युरोपात अरबीचे पहिले पुस्तक १५१४ मध्ये इटलीतील फानो येथे छापले गेले. १५३७-३८ च्या सुमारास व्हेनिसमध्ये संपूर्ण कुरआन खिळ्यांनी छापले, पण त्यात चुका इतक्या की मुसलमानांनी त्याकडे पाहिलेही नाही. देवनागरीचे खिळे जुळविणेही सोपे नव्हते. तरी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने आणि पुढे निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी ते इतके घाटदार घडविले की मराठी वाचकाचा डोळाच त्यांवर घडला. अरबी-फारसीसाठी मुंबईने दुसरी वाट धरली, शिळाछापाची. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते याच तंत्राने. दगडावर कातिबाने लिहिलेले जसेच्या तसे उमटते. जोडणी तुटत नाही, माप बिघडत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या घरी मुंबईहून आलेली जी जुनी शिळाछाप कुरआने रुमालात गुंडाळलेली सापडतात, ती छापील असूनही हाताची आहेत ती यामुळे. धातूच्या खिळ्यांनी हे साधले ते पुष्कळ उशिरा. १९२४ च्या सुप्रसिद्ध कैरो प्रतीसाठी बूलाक छापखान्यातील खिळे वापरले गेले, आणि आज संगणकात मिळणारा अमीरी हा टंक त्याच बूलाक अक्षरावरून उतरविलेला आहे.

आमच्या पुतणीच्या पत्रिकेवर शेवटी छापली गेली ती ओळ सुलुसमध्ये होती. लग्नानंतर पत्रिका कचऱ्यात जातात आणि अल्लाहचे नाव पायदळी येते, म्हणून ती छापूच नये असे चाचांचे मत होते आणि त्यात तथ्य आहे. अखेर मोजक्याच प्रती छापल्या आणि ज्यांच्या घरी त्या जपल्या जातील त्यांनाच दिल्या. बाकीच्यांना साधी मराठी पत्रिका गेली.

आपल्या कपाटात अशी एखादी पत्रिका असेल तर काढून पाहा. अल्लाह या शब्दाच्या आरंभीचा अलिफ शोधा. त्याच लेखनातील एखादा नुक्ता, 'रहमान'मधल्या 'नून'वरचा, कागदाच्या कपट्यावर मापून घ्या आणि अलिफच्या बाजूने एकावर एक ठेवीत वर जा. लिहिणाऱ्याने माप पाळले असेल तर साधारण सात भरतील.